गोंडा नसलेली माळ

एका मुलीच्या अंगात एक गाव होतं. गावातून लाल नदी वाहायची आणि नदीवरच्या पहारेकरणींत एक होती चाचपीमावशी. मावशीला डोळे नव्हते. होते ते सहा हात.

त्या गावात जो तो अंगावर साखरेच्या माळा घालून हिंडायचा. बाहेरून घुसणारे परके जंतूही घालायचे. फरक एवढाच, की आपली माणसं गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येक माळेच्या टोकाला गोंडा बांधायची. परक्यांना ही रीत ठाऊक नव्हती, त्यांच्या माळांची टोकं उघडीच. उघडी साखर लागली की मावशीचा तळवा तिथे चिकटायचा. मग ती हाक मारायची. गावचे शिपाई, रंगवाले, धावत यायचे, त्या परक्याला रंगाने माखायचे आणि भोकं पाडून संपवायचे.

मागे एकदा एक जंतू मावशीच्या हातून निसटला आणि मुलीला ताप भरला. तेव्हापासून लोक येताजाता विचारायचे, मावशी, हे हात आहेत की वल्ही? मावशी म्हणायची, वल्ही असती तर निदान नाव तरी पुढे गेली असती. हसायची, पण मनाला लागलं होतं. आता एकालाही सोडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

एक दिवस मुलगी धावताना पडली, गुडघा फुटला आणि गावाची वेस उघडी पडली. त्या धांदलीत कोणीतरी मावशीवर आदळलं आणि तिचा एक तळवा चटकन चिकटला. उघडी साखर. हाक अगदी ओठांवर आली.

"रोज तुझ्या शेजारून जाते, आणि आज ओळख नाही होय गं?"

लाल पेशींच्या आळीतल्या आजींचा आवाज. मावशी घुटमळली. आवाज काय, परकेही गोड काढतात. सोडावं तर पुन्हा ताप. हाक मारावी आणि खरंच आजी असल्या, तर त्या जिवानिशी जाणार.

"आजी, हलू नका. बाकीचे हात लावू द्या."

तिने हात फिरवले. इथे गोंडा, तिथे गोंडा. झिजलेले, विरलेले, पण गोंडेच. एकच माळ उघडी होती. एका तळव्याची पकड ती किती? आपसूक सुटली.

"गोंडा कुठे पाडलात?"

"म्हातारपणी दात पडतात, तसा पडला. शोधत बसू का आता?"

तेवढ्यात मागून कोणीतरी फार अदबीने म्हणालं, मी आजींच्याच घरचा, जाऊ ना? मावशीने त्यालाही हात लावले. पहिला चिकटला, दुसरा चिकटला, बघता बघता सगळेच असे चिकटले की ओढूनही सुटेनात. एवढ्या माळा, आणि गोंडा एकीलाही नाही. आता मात्र तिने पोटातून हाक मारली. रंगवाले आले आणि पाहुण्याचं काम तिथेच आटोपलं.

मुलीला ताप आला नाही. गुडघ्यावर नुसती खपली धरली.

आजी मात्र घरी निघेनात. वाटेत दुसऱ्या कुणा पहारेकरणीचा हात लागला तर? मावशीने त्यांच्या उघड्या माळेच्या टोकावर आपला तळवा ठेवला, ते अलगद झाकलं, आणि गर्दीतून त्यांना घरापर्यंत सोडून आली.

तात्पर्य: परका ओळखायला एक हात पुरत नाही, आणि एखादा गोंडा गळला म्हणून आपलं माणूस परकं होत नाही.