किरणाचा घास

फार फार पूर्वी, जनावरं बोलत आणि माणसं थांबून त्यांचं ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट. एका उघड्या माळावर एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, ओढा नव्हता. एकच विहीर होती, आणि ती इतकी खोल की वरून खडा टाकला तर त्याचा आवाज येईपर्यंत माणसाचं अर्धं बोलणं होऊन जाई.

पाणी शेंदायचं ते बायकांनी. दोन घागरी वर आल्या की खांदे भरून येत, आणि घराला लागत आठ. त्या गावात बाईचा तळहात पाहून तिचं वय सांगता येत नसे. विशीतली असो की साठीतली, तळवे सारखेच.

एके दिवशी एक बाई दोर हातात असतानाच झोपी गेली. उभ्या उभ्या. घागर सुटली, दोर सुटला आणि त्यांच्यामागून तीही आत जायची; शेजारणीने पदर धरला म्हणून राहिली. जागी झाली तेव्हा तिने आधी विचारलं, "घागर कुठाय?"

मग मात्र गाव विचाराला बसलं. ठरलं की विहिरीवर रहाटगाडगं बसवायचं. बैल गोल फिरेल, त्याच्याबरोबर एक दातेरी चाक फिरेल, ते दुसऱ्या चाकाला ढकलेल आणि मडक्यांची माळ पाणी घेऊन आपली आपण वर येईल. देवळाजवळ तीन जुन्या बाभळी होत्या, साऱ्या माळावर लाकूड म्हणून तेवढंच. त्या तोडल्या, फळ्या पाडल्या आणि दोन वर्षं सावलीत वाळवल्या. दोन वर्षं बायका शेंदतच होत्या.

गावात एकच सुतार होता. माणूस जुन्या वळणाचा आणि हाताचा सच्चा. फळीवर तो नेहमी दोन रेघा मारायचा, एकमेकींना चिकटून. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ही माझी आणि ही करवतीची. करवत चालते तिथलं लाकूड ती खाते. तिचा घास तिला आधी काढून ठेवला की ती माझ्या ताटात हात घालत नाही."

पण आता त्याचा उजवा खांदा गेला होता. करवत दहा वेळा ओढली की हात लोंबकळायला लागायचा. राजाच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा राजाने आपल्या खजिन्यातला सूर्यकांत मणी गावाला वापरायला धाडला. हा मणी तिवईवर टांगायचा. ऊन त्याच्यातून गेलं की खाली सुईसारखा एक किरण उतरे. त्या किरणाखालून फळी हळूहळू सरकवायची, की लाकूड बिनआवाजाचं दुभंगत जाई. थोडा धूर निघे, कडा काळी पडे, एवढंच.

सुतारणीने पहिल्या दिवशी झाडू घेऊन कामाची जागा पाहिली आणि झाडू परत ठेवला. "अहो, भुसा कुठाय?"

"भुसा नाही यात," सुतार म्हणाला. पुष्कळ वर्षांनी त्याच्या आवाजात थोडं सुख होतं. "हा काही खात नाही. उन्हाला कसली आलीय भूक."

आणि त्या दिवसापासून त्याने दुसरी रेघ मारणं सोडून दिलं.

पहिल्या झाडाच्या फळ्या काढल्या. चाकाचे अठ्ठेचाळीस तुकडे होते. एकाची जीभ, म्हणजे पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, असं करत गोल पुरा करायचा. विहिरीच्या ओलीने खिळे गंजतात, म्हणून खिळा एकही नाही. सगळी मदार जीभ आणि खाच एकमेकांना घट्ट धरतात यावर. सुतार जुळवायला बसला तर जीभ खाचेत बोटाने ढकलली तरी जात होती. ठोकायला मोगरी उचलायचं कामच पडलं नाही. त्याला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण खांदा दुखत नव्हता, आणि न दुखणाऱ्या अंगाला शंका लवकर येत नाहीत.

"पाणी पिऊन फुगेल लाकूड," तो म्हणाला. "मग बसेल आवळून."

चाक बसवलं. बैल जुंपला. सगळ्या बायका विहिरीवर जमल्या. पहिल्या फेऱ्याला मडकी हलली, चौथ्याला चाक डुलायला लागलं, सातव्याला एक दाता दुसऱ्यावरून घसरला. मग सांधे सुटून चाक पसरलं आणि मडक्यांची माळ विहिरीत कोसळली. फुटण्याचा आवाज खालून उशिरा आला.

 बायकांनी आपापले दोर उचलले आणि रांग लावली. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "सुतारदादा, चाक केलंस की खुळखुळा?"

सुतार म्हणाला की त्या झाडाचं लाकूडच ठिसूळ होतं.

दुसऱ्या झाडाच्या फळ्या काढल्या. या वेळी त्याने डोळ्यांत तेल घालून काम केलं. किरण बरोबर रेघेच्या मधोमध चालवला, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. दोन महिने गेले. कुंभाराने नवी मडकी केली. बैल जुंपला. या खेपेला बायका जमल्या नाहीत, दोन-चार होत्या त्या आपल्या घागरी घेऊनच आल्या होत्या. चाक नऊ फेरे फिरलं आणि पसरलं.

"दोन फेरे जास्त झाले," म्हातारी म्हणाली. "अशीच प्रगती राहिली तर माझ्या नातीच्या नातीला पाणी मिळेल."

सुतार हसला नाही. घरी आला, जेवला नाही. एका झाडाचं लाकूड उरलं होतं. ते गेलं की माळावर दुसरं झाड नव्हतं आणि गावात दुसरा सुतार नव्हता. बायको शेवटची घागर घेऊन आली, उतरवली आणि भिंतीला टेकून बसली. 

दुसऱ्या दिवशी तो उरलेल्या फळ्या तपासत होता. एका फळीला गोल भोक दिसलं, आणि आत भुंगा गुणगुणत होता. सुताराचा सगळा शीण त्या भोकावर जमा झाला.

"हा खातोय माझं लाकूड," तो म्हणाला. "म्हणून सांधे सैल पडतात." आणि पेटती काडी घेऊन आला.

भुंगा भोकाच्या तोंडाशी आला. तोही काही तरणा नव्हता. म्हणाला, "बाबा, जाळायचं तर जाळ. माझंही खोदून झालंय. पण आधी भोकाखाली बघ."

खाली पिवळ्या भुशाची लहानशी ढिगली होती.

"मी जेवढं खाल्लं तेवढं तिथं पडलंय," भुंगा म्हणाला. "इतका हिशेब ठेवून कुठला चोर चोरी करतो? तुझ्या करवतीखालीही ढिगली पडायची. आता त्या मण्याखाली काय पडतं?"

"काही नाही पडत. धूर होतो."

"धूर कशाचा होतो?"

सुताराच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा त्याने ती टाकली. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते तोंडाबाहेर काढलं तर दोन झाडं आपण वाया घालवली हेही त्याच्याबरोबर बाहेर येणार होतं.

सुतारीण दारात घागर पुसत उभी होती. ती म्हणाली, "अहो, एक टाकाऊ पट्टी द्या बरं इकडे."

"कशाला?"

"भाकरी मोडून परत जुळवली तर पहिल्याएवढी होते का, ते बघायचंय."

"हे लाकूड आहे. भाकरी नाही."

"दोन चाकं मोडून झाली ना तुमच्या पद्धतीने? आता एक पट्टी माझ्या पद्धतीने मोडा."

तिने हातभर पट्टी घेतली. ती जमिनीवर ठेवून दोन्ही टोकांना लागून दोन दगड रोवले, म्हणजे पट्टीची लांबी दगडांनी धरून ठेवली. मग सुताराने ती किरणाखाली नऊ वेळा कापली. दहा तुकडे झाले. सुतारणीने ते दहाही तुकडे दोन दगडांच्या मध्ये एकमेकांना चिकटवून मांडले.

शेवटचा तुकडा दगडाला पोचेना. मध्ये फट राहिली.

तिने ओंजळीतले ज्वारीचे दाणे एकेक करून फटीत ठेवले. तीन बसले.

"नऊ कापांना तीन दाणे," ती म्हणाली. "म्हणजे तुमचं ऊन तीन कापांत एक दाणा जेवतं."

सुतार खाली बसला.  मग हळूच म्हणाला, "आणि मी ते रेघेच्या मधोमध चालवलं. म्हणजे अर्धा घास जिभेच्या एका अंगाचा गेला, अर्धा दुसऱ्या अंगाचा. जीभ बारीक झाली. खाचेचंही तसंच, ती रुंद झाली. जितकं नेमकं कापलं तितकं नेमकं चुकलं."

"एका सांध्यात कळलं नसेल," सुतारीण म्हणाली.

"एका सांध्यात दाणाभरही फट नव्हती. पण अठ्ठेचाळीस सांधे होते."

तो उठला आणि नव्याने आखायला बसला. जीभ आखताना रेघ अर्धा घास बाहेर सरकवली, खाच आखताना अर्धा घास आत. पण या वेळी त्याने चांगल्या फळीला हात लावला नाही. टाकाऊ तुकड्यावर एक जीभ केली, एक खाच केली आणि जुळवून पाहिलं. बोटाने जाईना. मोगरीचे दोन ठोके दिले, तेव्हा बसली, आणि उलटी धरून झटकली तरी निघेना.

सुतार लगेच फळ्या ओढायला निघाला. सुतारणीने विचारलं, "ती पट्टी आपण कधी कापली?"

"सकाळी."

"आणि आता?"

ऊन डोक्यावर आलं होतं. तिने दुसरी पट्टी पुढे केली. सुतार थकला होता, त्याला वाटलं पुरे झालं आता. तरी त्याने पट्टी कापली, मांडली. फटीत चार दाणे बसले आणि पाचव्याला थोडी जागा उरली. दुपारचं ऊन सकाळच्यापेक्षा जास्त खात होतं.

"याची भूक तर आपल्या जावयासारखी आहे," सुतारीण म्हणाली. "दुपारी वाढते." त्या दिवसात पहिल्यांदा सुताराला हसू आलं.

मग त्यांनी ठरवलं की कापायचं ते फक्त सकाळी, ओसरीच्या खांबाची सावली उंबऱ्यावर असेपर्यंत. सावली हलली की मणी झाकायचा. ढग आला तरी झाकायचा. नवी फळी घेतली की आधी तिची पट्टी कापायची, दाणे घालायचे, मग आखायचं. दिवसाला एक तुकडा होई, कधी तोही होत नसे. गाव विचारी, "कधी?" सुतार सांगे, "माहीत नाही." बायका शेंदत होत्या. उभ्या उभ्या झोपणारी ती बाई आता कमरेला दोरी बांधून ती विहिरीच्या खांबाला अडकवून घेई.

तिसरं चाक व्हायला दोन महिने लागले. तेही हवं तेवढं मोठं झालं नाही. पहिल्या दोन चाकांची मोडतोड सरपणाला गेली होती, आणि तिसऱ्या झाडाचं बरंच लाकूड चाचणीच्या पट्ट्यांत गेल्याने उरलेल्यात मोठं चाक बसत नव्हतं. सुताराने आठ तुकडे कमी केले, मडकीही त्या मानाने कमी लावली. भुंग्याची फळी त्याने वापरली नाही, छपराला लावून दिली.

बैल जुंपला, तेव्हा सुतार विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. सातवा फेरा झाला. नववा झाला. चाक पाणी प्यायलं, फुगलं आणि सांधे आणखी आवळले. विसाव्या फेऱ्यालाही कुठे कुरकुर नव्हती. पहिलं मडकं काठावर आलं, कलंडलं आणि पन्हाळीत पाणी पडलं.

बायका रांगेतच उभ्या होत्या. कुणी पुढे होईना. हातात दोर नाही, तर हातांचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी ती म्हातारी पुढे झाली आणि तिने पन्हाळीखाली घागर धरली. म्हणाली, "हळू येतंय."

"हळूच येणार," सुतार म्हणाला. "मोठ्या चाकाचं लाकूड मी आधीच घालवलं."

त्याने ते लपवलं नाही, आणि गावानेही त्याला परत विचारलं नाही. त्या छोट्या चाकावर गावाला पाणी पुरलं, पण घरची भांडी काठोकाठ कधी भरली नाहीत. उन्हाळ्यात एकच बैल अपुरा पडे आणि संध्याकाळपर्यंत रांग राही. रांगेत बायका बसून बोलत, एवढाच फरक. माळावर नव्या बाभळी लावल्या होत्या, पण त्यांचं लाकूड हाताशी यायला सुताराचं उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं.

बोध: ज्याचं खाणं डोळ्यांना दिसत नाही, त्याचाही घास आधी मोजून बाजूला ठेवावा, नाहीतर तो आपल्या वाट्यातून जातो.