तहानेचा मोती

एका राज्यात डोंगर बारा महिने धुक्याची शाल पांघरून बसत, पण तिथल्या राजमहालातली हवा मात्र कोरडी ठणठणीत होती. दारं तडकत, वीणेच्या भोपळ्याला भेगा पडत, शालीला हात लावला की ठिणगी उडे. राजा वज्रधराच्या आज्यानं भस्मकेतू मांत्रिकाच्या सरोवरातला मोती चोरून आणला होता आणि बाळंतिणीच्या दालनाच्या छतात जडवला होता. मोती शापित होता. तो हवेतलं पाणी पीत असे.

राणी पद्मगंधेला पुत्र झाला. काही दिवसांतच बाळाचे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, रडं घशात अडू लागलं. मोत्याची तहान भागावी म्हणून राजानं छतातल्या मोत्यावर घागरीच्या घागरी उडवल्या. पाणी फरशीवर वाहून गेलं. सुईण येसूआत्येनं ओलीच्या भयानं खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि शेगडीत आणखी निखारे घातले.

बाळंतिणीनं उंबरठा ओलांडू नये असा दंडक होता. राणीनं तो ओलांडला आणि ती सरोवराकाठी मांत्रिकापुढे उभी राहिली.

"मोती परत घ्या, माझं बाळ वाचवा," ती म्हणाली.

"तहानलेला मोती मलाही निघत नाही," भस्मकेतू म्हणाला. "तीन कामं कर. अग्नी असा ठेव, जो दिसणार नाही पण ऊब देईल. पाणी असं दे, जे सांडणार नाही पण सरेल. आणि मोती तृप्त होताच थांब. त्यावर थोडं जरी जास्त झालं, तर त्यानं आजवर प्यालेलं सारं पाणी तो महालात ओकेल."

परतीच्या वाटेवर राणीच्या मनात एकच घोळत होतं: आपण चुकलो तर? तेवढ्यात काठावरची टिटवी तिच्यावर खेकसली, "पाय जपून. अंडी आहेत."

टिटवीचं पोट निथळत होतं. राणीनं विचारलं, "हे काय?"

"पोट भिजवून अंड्यांवर बसते. धुकं डोंगरावरच अडतं, इथं काठावर ऊन फार. अंड्यांवर घागर ओतायला मी काही राजा नव्हे."

राणी धावतच महालात आली. तिनं शेगडी उचलायला सांगितली.

येसूआत्या आडवी आली. "राणीसाहेब, शेकाविना बाळंतीण? माझ्या हातून हे पाप होणार नाही."

"शेक राहील, आत्या. शेगडी भिंतीपलीकडे ठेवा. भिंत तापेल."

भिंत तापली आणि दालन उबदार राहिलं. पहिलं काम झालं.

मग राणीनं कुंभारवाड्यातून कोरे माठ आणवले, काठोकाठ भरून चारी कोपऱ्यांत ठेवले. दारांना वाळ्याचे पडदे लावून ते भिजवले. माठ पाझरू लागले, पडदे सुकू लागले, फरशीवर थेंब नाही, तरी पाणी सरत होतं. छतातला मोती गटगट पिऊ लागला. त्याचा आवाज सर्वांनी ऐकला. दुसरं काम झालं.

आता थांबायचं कधी? राणी विचारात पडली, आणि सवयीनं केसांत फणी घातली. कोरड्या दिवसांत आखडणारे तिचे केस फणीखाली सैल होत होते. तिनं एक लांब केस उपटला, त्याला मणी बांधला आणि खुंटीला टांगला. पडदे भिजत गेले, केस लांबत गेला, मणी तसूतसूनं उतरला.

बाळानं ओठांवरून जीभ फिरवली.

"आणखी ओता," राजा अधीर होऊन म्हणाला. "गुण येतो आहे."

राणीची नजर मण्यावर होती. तो उतरायचा थांबला. मोत्याचा आवाजही थांबला. खिडकीच्या काचेवर बारीक दव धरलं.

"पुरे," ती म्हणाली. "पडदे काढा. खिडकी उघडा."

"थंडी शिरेल," येसूआत्या म्हणाली.

"थोडी शिरू दे. महाल बुडण्यापेक्षा बरी."

खिडकी उघडली. छतातला मोती सैल झाला, राणीच्या ओंजळीत पडला, आणि खिडकीतून आलेली टिटवी तो चोचीत धरून सरोवराकडे निघून गेली. त्याच क्षणी बाळ रडलं. असं रडलं की अंगणातले घोडे खिंकाळले, पहारेकऱ्यांनी भाले सावरले, आणि राजा वज्रधर भिंतीला टेकून मुलासारखा हसत सुटला.

"गळा आजोबांवर गेलाय," येसूआत्या म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत तिनं स्वतःच दुसरी खिडकी उघडली.

नगारे झडले, दारं पुन्हा चौकटीत नीट बसली, वीणा स्वरात बोलू लागली. ज्याच्या घरी कोरड असेल त्यानं ही कथा ऐकून माठ भरावा, आणि ज्याच्या घरी ओल असेल त्यानं खिडकी उघडावी.