झिणीची हाक

फार फार पूर्वी एका सशाच्या मागच्या पायात झिणी नावाची चेतापेशी राहायची. तिच्या अंगाला बारीक बारीक दारं होती आणि बाहेर खारट पाणी आत शिरायला टपलेलं. ते शिरलं की अंगातून वीज सळसळत जाई; तीच तिची हाक. झिणीला त्याचीच धास्ती.

एकदा ससा चरत असताना तिच्या वाट्याचा केस किंचित हलला. वारा असेल म्हणून ती गप्प राहिली. मग केस पार वाकला आणि त्यावर गरम श्वास आला.

"सोनाक्का, कोल्हा!" ती शेजारच्या पेशीला म्हणाली. "तूच दे ना हाक."

"केस तुझा वाकलाय. हाक तुलाच द्यावी लागेल."

"हळूच देऊ?"

"आपल्यात हळू हाक नसते गं. द्यायची तर पुरती, नाहीतर नाहीच."

झिणीने जीव मुठीत धरून पहिलं दार उघडलं. पाणी घुसलं आणि पुढची दारं आपोआप धडाधड उघडत गेली. तिच्या लांबलचक शेपटीतून वीज पाठीच्या कण्यापर्यंत पोचली. तिथे फट होती, ती विजेला ओलांडता येईना. झिणीने निरोपाच्या रसाचा थेंब पलीकडे फेकला, पलीकडच्या पेशीने तो झेलला आणि ससा उडाला. कोल्ह्याचे दात नुसत्या गवतावर मिटले.

झिणी आत शिरलेलं मीठ उपसू लागली. "अजून भीती वाटतेय, आक्का."

"वाटू दे," सोनाक्का म्हणाली. "दारं लाव आधी, तरच पुन्हा हाक देता येईल. कोल्हा अजून मागेच आहे."