अर्धा मिनिट मागचं लग्न

तांबडेवाडीत एक भोळा माणूस होता. होता म्हणजे अजूनही आहे, परवाच माझ्याकडं चहा पिऊन गेला. भिवा त्याचं नाव. त्याला तुम्ही 'जरा थांब' म्हणालात आणि विसरून गेलात, तर संध्याकाळी तो तिथंच उभा सापडायचा.

असल्या माणसाच्या हाती गावाची वेबसाइट कशी गेली, असं तुम्ही विचाराल. तर संगणकाचा कोर्स गावात त्यानं एकट्यानंच पुरा केला होता. तोही तीनदा. शिकवणारे सर म्हणाले होते, "पुन्हा पुन्हा करत राहा."

वेबसाइटला सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी गार खोलीत रात्रंदिवस चालू असलेला मोठा संगणक. त्यातला एक कोपरा गावानं तालुक्याला वेबसाइटींचं काम करणाऱ्या मेघामॅडमकडून भाड्यानं घेतला होता. त्या कोपऱ्यात सरपंचांचा एक फोटो होता आणि गेल्या वर्षीच्या ग्रामसभेची नोटीस होती. बाकी सगळा मोकळा.

मग कौसाकाकीच्या सुलक्षणाचं लग्न ठरलं आणि त्या कोपऱ्याला काम लागलं.

सुलक्षणाचा भाऊ अनंता जहाजावर नोकरीला. जहाज गेलं होतं आफ्रिकेच्या पलीकडं, सुट्टी मिळेना. काकीला नवरा नाही, आहेत ती ही दोन लेकरं. ती भिवाला म्हणाली, "जेवणात मीठ कमी पडलं तरी चालेल मला. पण माझ्या अनंताला बहिणीचं लग्न दिसलं पाहिजे. आणि कान पिळला गेला पाहिजे."

कान पिळण्याचं असं, की लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळायचा शब्द घेतो. गंमतच असते ती. हसत पिळतात, हसत सोडतात. पण काकीला त्यात गंमत दिसत नव्हती. तिला काळजी होती, आणि ती जावयाची नाही. विलास गरीब गाय. धास्ती होती ती त्याच्या वडिलांची, आबासाहेब रणनवऱ्यांची.

आबासाहेब जंगलखात्यातून रिटायर झालेले. भरघोस मिशा. बोलले की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. बोलणी करायला आले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात पाचला उठतात. भाजी कुठली करायची ते मी सांगतो." विलास शेजारी बसून मान हलवत होता.

"जावयाच्या शब्दाला काय करायचंय," काकी फोनवर अनंताला म्हणाली. "त्या घरात चालतं सासऱ्याचं."

"आई, निदान नवऱ्याचा कान तर पिळू," अनंता म्हणाला. "माझ्या जागी भिवा पिळेल. मी इकडनं बघतो आणि सांगतो."

भिवा अनंताचा लंगोटीयार. तो लगेच कामाला लागला.

पहिल्यांदा झाला साखरपुडा. भिवानं तो सगळा मोबाइलवर टिपला. पाहुण्यांच्या चपला काढण्यापासून पानसुपारीपर्यंत, चार तास. सगळ्यात मोठ्या, सगळ्यात स्वच्छ चित्रात. आणि ती अख्खी फाइल उचलून सर्व्हरच्या कोपऱ्यात ठेवली. सरपंचांचा फोटो मावेना म्हणून तो काढून टाकला.

जहाजावरचं नेट म्हणजे थेंबथेंब गळणारा नळ. अनंतानं लिंक उघडली. चाक फिरायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"भिवा, भटजी दिसतायत. तोंड उघडलंय."

"मग?"

"मग काही नाही. कालपासून उघडंच आहे."

भिवानं मेघामॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "अरे, एवढं मोठं एकदम नसतं पाठवायचं. बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर नंबर घालायचा, आणि मिळेल त्या वाटेनं एकेक सोडून द्यायचा. तिकडं पोचले की आपोआप जोडले जातात."

"आधी नाही सांगितलं," भिवा म्हणाला. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि पाठ केलं.

लग्नाला चार दिवस उरले. काकीची बहीण इंदूमावशी, तिनं रुखवतासाठी साखरेचा बंगला केला होता. अकरा दिवस खपत होती. बंगल्याला गच्ची होती, अंगणात तुळस होती, विहिरीवर पोहरासुद्धा होता साखरेचा. मावशीचं घर वरच्या आळीला, काकीचं खाली वेशीजवळ. मावशी म्हणाली, "भिवा, एवढा बंगला काकीकडं पोचव. जपून. केवढा मोठा आहे बघ."

केवढा मोठा आहे, हे भिवानं बघितलं. मग त्यानं सुरी घेतली.

त्रेचाळीस तुकडे झाले. प्रत्येकावर त्यानं पेनानं नंबर घातला आणि मिळेल त्या वाटेनं सोडून दिला. गच्ची दूधवाल्याच्या सायकलवरून गेली. तुळस पोस्टमननं नेली. चौदा ते वीस नंबर एसटीच्या कंडक्टरकडं दिले, वेशीवर उतरवा म्हणून. भिवा स्वतः मोकळ्या हातानं खाली गेला आणि काकीच्या ओट्यावर रिकाम्या पाटासमोर बसून राहिला.

संध्याकाळी मावशी आली. पाटावर साखरेचा ढीग होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"हे काय रे?"

"बंगला," भिवा म्हणाला. "जोडला जाईल आपोआप. सतरा नंबर यायचा राहिलाय."

सतरा नंबर म्हणजे विहीर. ती एसटीतून साताऱ्याला गेली होती.

मावशी डोळे पुसून म्हणाली, "दाखवायची वस्तू अशी कुणाच्याही हाती देतात का रे मेल्या? दार लावायचं. कुलूप घालायचं. किल्ली माझ्याकडं आणून द्यायची."

"आधी नाही सांगितलं," भिवा म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.

मग आली हळद. या वेळी भिवाची तयारी फक्कड होती. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं त्यानं सर्व्हरवर थेट दाखवायची सोय केली. इकडं मोबाइल स्टँडवर लावला की तुकडे आपसूक सुटायचे, तिकडं आपसूक जोडले जायचे. चित्र लहान, आवाज स्वच्छ. पुण्यातले पाहुणे, सुरतेची आत्या, जहाजावर अनंता, सगळे लिंक उघडून बसले.

सगळ्यांना एक दार दिसलं. दारावर लिहिलं होतं, 'पासवर्ड टाका.'

अनंताचा फोन आला. "भिवा, पासवर्ड काय?"

"ते मला नाही ठाऊक. डोळे मिटून बटणं दाबलीत. आलं ते लक्षात न ठेवता कागदावर उतरवलंय आणि कागद मावशीला दिलाय."

मावशीनं तो कागद काहीतरी औषधाची चिठ्ठी असेल म्हणून कनवटीला खोचला होता. हळदीच्या दंग्यात तो भिजला आणि त्याचा लगदा झाला. आत सुलक्षणाला हळद लागली, बायकांनी गाणी म्हटली, काकी रडली. दाराबाहेर सुरतेची आत्या दीड तास पासवर्ड ओळखत होती. अनंता नुसता म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. भिवाकडून ते 'ठीक आहे' ऐकलं आणि काकी भरल्या ताटावरून उठली.

भिवालाही वाईट वाटलं. त्यानं मॅडमना फोन केला.

मॅडमनी कपाळाला हात लावला असावा, आवाज तसा आला. "कुलूप काढ आधी. दार सताड उघडं ठेव. येईल त्याला आत घे. नाव विचारू नको, गाव विचारू नको, जितके येतील तितके येऊ देत."

"आधी नाही सांगितलं," भिवा म्हणाला.

"आणि ऐक, आणखी एक. थेट म्हणतात, पण तिकडं चित्र अर्धा मिनिट उशिरा पोचतं. तुझ्याकडं जे आत्ता होतंय, ते अनंताला अर्ध्या मिनिटानं दिसणार. हे त्याला सांगून ठेव."

भिवानं दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. अनंताला सांगायचं त्यानं सकाळवर ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकीनं त्याला कार्यालयाच्या दारात उभं केलं, हातात गुलाबपाण्याची दाणी देऊन. "वऱ्हाड येईल, त्यांना मानानं आत घे आणि नाश्त्याला बसव."

तेवढ्यात रस्त्यावर एक लक्झरी बस थांबली. ती दुसऱ्याच गावाच्या दुसऱ्याच लग्नाला चालली होती. टायर बदलायचा होता म्हणून माणसं खाली उतरली, दार उघडं दिसलं म्हणून डोकावली. भिवानं त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं.

एक म्हातारा म्हणाला, "हे भुईंजकर पाटलांचं कार्य नव्हं का?"

"गाव सांगू नका," भिवा म्हणाला. "आत या."

साठ माणसं आत आली. शिरा खाल्ला, उपीट खाल्लं, पुन्हा शिरा मागितला. टायर बसला तशी ढेकर देऊन निघून गेली. जाताना त्या म्हाताऱ्यानं भिवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, असं अगत्य आजवर कुठं बघितलं नाही.

पाच मिनिटांनी आबासाहेबांचं वऱ्हाड आलं. पातेल्यात झारा होता आणि झाऱ्याला चिकटलेला शिरा होता.

आबासाहेबांना काळा चहा मिळाला. दूधही संपलं होतं. त्यांनी तो प्यायला, मिशा पुसल्या आणि एवढंच म्हणाले, "सुरुवात तर छान आहे."

लेक अजून बोहल्यावर चढली नाही आणि सासरच्यांच्या तोंडची चव गेली. काकीनं भिवाला कोपऱ्यात घेतलं. ओरडली नाही ती. ओरडायचं त्राणच नव्हतं.

"भिवा, तुझ्या पाया पडते. आता स्वतःचं डोकं चालवू नको. कुणाला काही सांगू नको, कुणाला काही विचारू नको. कानात फोन घाल. अनंता सांगेल तेवढंच कर, आणि सांगेल तेव्हाच कर."

"आधी नाही सांगितलं," भिवा म्हणाला.

कानात फोन घालून तो बोहल्याजवळ उभा राहिला. अर्ध्या मिनिटाची गोष्ट त्याच्या अगदी ओठांवर आली होती. पण काकीनं सांगितलं होतं, कुणाला काही सांगू नको. त्यानं ओठ मिटून घेतले, आणि फोनवर आपल्या बाजूचा आवाजही बंद करून ठेवला.

आणि काय सांगू तुम्हाला, या वेळी सगळं दिसलं. चाक फिरलं नाही, दार अडलं नाही. अनंताला अंतरपाट दिसला, अक्षता दिसल्या, बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. फोनवर तो नाक ओढत होता. काकी मोबाइलकडं बघून दोनदा हसली.

होम पेटला. लाह्या झाल्या. भटजींनी हाक दिली, "कानपिळ्या कोण आहे? या पुढं."

सगळ्यांनी भिवाकडं बघितलं. विलासनं कान पुढं केला. भिवा हालला नाही. अनंतानं अजून सांगितलं नव्हतं.

"अहो कानपिळे," भटजी म्हणाले.

भिवा सरळ समोर बघत उभा. विलास मान वाकडी करून बसून राहिला होता. भटजींना दुपारी आणखी एक लग्न लावायचं होतं. ते म्हणाले, "राहू दे मग. वधूवरांनी उठा, फेरे घ्या."

नवरा-नवरी उठली आणि होमाभोवती चालायला लागली. विलासचा पाट रिकामा झाला. आबासाहेबांना पसारा खपत नसे. पाटापुढची सप्तपदीसाठी मांडलेली तांदळाची पुंजकी विस्कटली होती. ते पुढं झाले, मुलाच्या पाटावर बसले आणि वाकून पुंजकी नीट करायला लागले.

तिकडं जहाजावर भटजी आत्ता म्हणत होते, कानपिळ्या कोण आहे. विलासनं आत्ता कान पुढं केला होता.

"भिवा," अनंता कानात म्हणाला, "पाटावर बसलाय ना, त्याचा कान धर. आत्ता."

भिवानं पाटावर बसलेल्या माणसाचा कान धरला.

"पिळ."

भिवानं पिळला.

कार्यालयातल्या चारशे माणसांचा आवाज बंद झाला. सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. आबासाहेबांना आयुष्यात कुणी तू म्हटलं नव्हतं.

"कोण आहे रे?" ते म्हणाले. भटजींचा माईक शेजारीच होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"अजून पिळ," अनंता म्हणाला. "भिऊ नको, आपल्याच घरचा आहे. म्हणावं, सुलक्षणाला फुलासारखी जपीन, असा शब्द दे. मी इकडं ऐकल्याशिवाय सोडू नको."

"सुलक्षणाला फुलासारखी जपीन, असा शब्द दे," भिवा म्हणाला आणि अजून पिळला. भिवाचा हात म्हणजे विळा चालवलेला हात.

आबासाहेब उठायला गेले. कान उठेना म्हणून पुन्हा बसले. त्यांनी विलासकडं बघितलं. विलासनं सवयीनं मान हलवली. त्यांनी चारशे माणसांकडं बघितलं. मग त्यांची नजर गेली सुलक्षणाकडं. ती पदर तोंडात कोंबून उभी होती, डोळ्यांत अजून ते मघाचं पाणी.

"जपीन," आबासाहेब म्हणाले.

भिवा हालला नाही.

"लेकीसारखी जपीन बाबा. पाचला नाही उठली तरी चालेल."

काकी मटकन खाली बसली. महिनाभर अडकलेला श्वास तिनं सोडला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मग उठून ती धावत बोहल्यावर आली. "भिवा, सोड त्यांना. दिला त्यांनी शब्द."

"तिकडं पोचू दे, काकी," भिवा म्हणाला. "अर्धा मिनिट लागतो."

सगळं कार्यालय अर्धा मिनिट उभं राहिलं. भटजींनी घड्याळ बघितलं. आबासाहेबांनी, धोका नको म्हणून, शब्द आणखी एकदा दिला.

अर्ध्या मिनिटानं जहाजावर अनंताला दिसलं, कान कुणाचा आहे ते. तो हसायला लागला. हसता हसता खुर्चीवरून खाली आला, आणि त्याला बोलता येईना. आणि 'सोड' असं अनंता म्हणेपर्यंत भिवा काही सोडेना.