काठोकाठ भरलेली बॅटरी

गाड्यांचे भाग आपापसात बोलायचे, त्या काळची गोष्ट. एका गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी एकत्र नांदत होती. चढावर बॅटरी इंजिनाला हात द्यायची आणि उतारावर चाकांच्या जोरावर पुन्हा भरायची.

एकदा गाडीत तापाने फणफणलेलं बाळ होतं. दवाखाना घाटापलीकडे, पेट्रोल जेमतेम. बॅटरी भरलेली होती, पण तिला धास्ती वाटली. आत्ताच सगळं दिलं आणि पुढे लागलं तर?

"ताई, जरा हात लाव गं," चढावर इंजिन धापा टाकत म्हणालं.

"तूच ओढ, दादा. मी अडीनडीला राखून ठेवलंय."

"मग ही काय जत्रा चाललीय?"

इंजिन एकटंच पेट्रोल पीत वर चढलं.

उतारावर चाकं म्हणाली, "घे ताई, भर!" पण तिच्यात जागाच नव्हती. उताराचा सगळा जोर ब्रेक तापवण्यात वाया गेला.

पायथ्याशी पेट्रोल संपलं. मग बॅटरीने एकटीने गाडी ओढली, आणि दवाखान्याची पाटी दिसली तिथेच ती रिकामी झाली. आई बाळाला छातीशी धरून उरलेली वाट पळाली.

बाळ वाचलं. गाडीत पेट्रोल भरलं आणि सपाट रस्त्यावर इंजिनाने बॅटरीलाही भरून दिलं. परतीच्या चढावर इंजिनाने हाक मारायच्या आधीच बॅटरीने जोर लावला.