मोहोर आला का?

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलं नाही. तिथल्या एका वैद्यानं अकरा वर्षं खपून दम्यावरचा काढा शोधला. राजा खूश झाला. त्यानं वैद्याच्या दारात शिळा उभारली, तिच्यावर काढ्याची कृती कोरली, खाली वैद्याचं नाव घातलं आणि शेजारी आंब्याची कोय पुरली.

"या झाडाचा पहिला आंबा पिकून पडेपर्यंत काढा फक्त यानंच करायचा," राजा म्हणाला. "मग कुणीही करावा."

न्याय चांगलाच होता.

त्याच गावात एक विणकरीण होती. तिच्या नवऱ्याला दमा होता. वैद्याच्या एका कुपीसाठी अख्खं लुगडं विणून द्यावं लागे, म्हणून ती त्याला अर्धाच घोट पाजायची. काढ्याचा पाला तिच्या परसात माजला होता, कृतीही तोंडपाठ होती. पण करायची मनाई.

रोज संध्याकाळी नवरा धापा टाकत विचारी, "मोहोर आला का गं?"

"येईल हो."

नवव्या वर्षी मोहोर आला. दोघं आनंदानं रडली. आठ दिवसांत झाड पुन्हा बोडकं! "तुडतुडे पडले," वैद्य हळहळला. दहाव्या वर्षीही तुडतुडेच. मोठे हुशार हो हे तुडतुडे, शेजारच्या झाडाला शिवतसुद्धा नव्हते!

अकराव्या वर्षी, भर दुपारी गाव झोपलेलं असताना, ती झाडापाशी गेली. वैद्य काठीनं मोहोर झोडत होता.

"वैद्यबुवा," ती म्हणाली, "तुमच्या काढ्यानं माझा माणूस इतकी वर्षं जगला, ते उपकार मी विसरणार नाही. ती वर्षं तुमची होती. ही दोन मात्र त्याची होती हो."

वैद्याची मान खाली गेली. राजाला कळलं, तेव्हा त्यानं शिळेवरची कृती तशीच ठेवली आणि वैद्याचं नाव खोडून टाकलं. पण दिलेला शब्द म्हणून आंबा पडेपर्यंतची अट मात्र त्यानं मोडली नाही.

उरल्यासुरल्या मोहोराला कैऱ्या धरल्या. त्या सुपारीएवढ्या झाल्या, तेव्हा विणकरणीचा नवरा गेला.

जेठात आंबा पडला. घरोघरी काढा उकळू लागला. विणकरणीनंही मडकंभर केला आणि सवयीनं ती खाटेपाशी जाऊन उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. एकदा, फक्त एकदा त्यानं विचारावं, असं तिला फार वाटलं.

मग डोळे पुसून तिनं ते मडकं शेजारच्या धापा टाकणाऱ्या म्हातारीकडे नेलं. "पोटभर प्या, आजी," ती म्हणाली.

लहानांनो, थोरांनो, शोधणाऱ्याला त्याची मुदत जरूर द्यावी. पण मुदत सरल्यावरही जो औषध अडवून धरतो, तो दुसऱ्याचं आयुष्य चोरतो.