वाटाड्या बसून राहिला

फार पूर्वी, खाडीतल्या एका बेटावर एक वाटाड्या राहायचा. ओहोटी लागली की चिखलातून पलीकडच्या गावाला जायला एकच घट्ट वाट होती, आणि ती फक्त त्यालाच ठाऊक होती. त्याच्या घराण्याचा रिवाजच तसा. वाट मुलाला सांगायची ती मरणाच्या खाटेवरून. आधी सांगितली तर खाडी रुसते म्हणे, म्हणून लोकांना नेतानाही तो त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा.

रोज तो काठी टेकत वाट तपासून यायचा, येता-जाता माणसांशी गप्पा मारायचा, रात्री भाकरी-कालवण खाऊन गाढ झोपायचा. पुढे बेटावर होड्या आल्या. लोक म्हणाले, "बाबा, आयुष्यभर आम्हाला नेलंत. आता नुसतं बसायचं." त्यांनी त्याला अंगणात गादी घालून दिली. जो तो गोडधोड आणून द्यायचा.

शेजारी त्याची धाकटी बहीण पारूबाई जाळी विणायची. ती म्हणाली, "दादा, निदान किनाऱ्यापर्यंत तरी येत जा. विणताना चार गोष्टी बोलू."

"खूप चाललो गं. आता पाय पसरू दे," म्हणून तो कुशीवर वळला.

वर्षं गेली. दिवसा झोप, रात्री जागरण, तोंडात सतत तंबाखू. कमी ऐकू यायला लागलं, तसं त्यानं माणसांत बसणंही सोडलं. मग तो शेजाऱ्यांची नावं विसरू लागला. लोक हसून म्हणाले, वय झालंय. अहो, वय पारूबाईचंही झालं होतं. तीसुद्धा सुई ठेवायची एकीकडे आणि शोधायची भलतीकडे, पण गावातलं प्रत्येक पोर तिला नावानिशी माहीत होतं.

त्याच्या मुलाला मात्र धास्ती वाटली. "बाबा, वाट सांगून ठेवा ना."

"मी काय मरायला टेकलोय?" म्हातारा चिडला. खरंच, अंगानं तो धडधाकट होता. डोकं आधी जाईल हे त्या घराण्यात कुणाला सुचलंच नव्हतं.

एका वादळात सगळ्या होड्या फुटल्या आणि त्याच सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईण पलीकडच्या गावात. मुलानं बापाला हाताला धरून किनाऱ्यावर आणलं.

"बाबा, वाट कुठून?"

म्हाताऱ्यानं जराही न अडखळता काठी उचलली. "त्या तिवराच्या झाडाच्या डावीकडून."

बापाच्या शब्दावर मुलगा पळत सुटला. खरी वाट उजवीकडची होती. डावीकडचा चिखल माणूस गिळायचा, आणि त्यानं मुलालाही गिळलं.

इकडे पारूबाईनं जमेल ते केलं. बाळ वाचलं, सून गेली.

आता म्हातारा रोज न चुकता किनाऱ्यापर्यंत चालत जातो. नातवाला कडेवर घेऊन पारूबाई मागून जाते. तो वळून तिला विचारतो, "बाई, माझा मुलगा इकडून गेलाय. तुम्ही पाहिलंत का?"

"येईल हं," ती म्हणते आणि त्याला घरी आणते.

तात्पर्य इतकंच: फिरणं, बेताचं खाणं, शांत झोप आणि माणसांत बोलणं-बसणं यांनी म्हातारपणचं विसरणं टळेलच असं नाही, पण त्याचा धोका कमी होतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे सेवा नव्हे.